रिंग म्हणजे पाटा नव्हे: साइड-बाय-साइडच्या सस्पेन्शनची पार्श्वभूमी

"गाडी बसलीय, एक पाटा वाढवून द्या." पुण्यात स्वारगेटपासून भोसरीपर्यंतच्या जुन्या गॅरेजांत हे वाक्य अजून रोज ऐकू येतं. पाटा म्हणजे लीफ स्प्रिंगची लोखंडी पट्टी; टेम्पोच्या आणि जुन्या जीपच्या बाबतीत त्यात चुकीचं काही नाही. मुळशी-मावळातल्या रिसॉर्टांवर आणि फार्महाऊसवर आता साइड-बाय-साइड गाड्या दिसू लागल्यात. शेजारी-शेजारी सीट, मोटारीसारखं स्टिअरिंग, डोक्यावर लोखंडी पाइपांचा पिंजरा आणि चारही चाकांपाशी उघडे दिसणारे लांबलचक शॉकअप. या गाड्या बसल्या की मेकॅनिक शॉकअपवरची रिंग आवळतो, म्हणजे स्प्रिंगचं टोक ज्यावर टेकतं ते कडं फिरवून सरकवतो. त्याच्या मनात तो पाटाच वाढवत असतो. गेल्या काही पावसाळ्यांत मी जवळून पाहिलेल्या तक्रारींपैकी निम्म्याहून जास्त या एका समजुतीतून आलेल्या होत्या. ही समजूत अडाणीपणाची नाही, तिला मोठा इतिहास आहे.

आपल्याकडचं ऑफ-रोडिंग पाट्यांवर वाढलं. स्वातंत्र्यानंतर महिंद्रानं विलीज जीप इथं जुळवायला घेतली, तिला चारही बाजूंना पाटेच होते. १९८५ साली मारुती जिप्सी आली, तिलाही पुढं-मागं पाटेच. पाट्यांचा जुडगा एकटा तीन कामं करतो. वजन पेलतो, अ‍ॅक्सल जागेवर धरून ठेवतो आणि पाटे एकमेकांवर घासत असल्यानं गाडीची उसळीही थोडी शमवतो. त्यामुळे जीपचा शॉकअप मेला तरी गाडी महिनोन्‌महिने चालते, फक्त जरा उड्या मारते. पाटा वाढवला की ताकद वाढते, उंची वाढते आणि घर्षणही वाढतं. तिन्ही एकदम. म्हणून त्या काळच्या मिस्त्रींना ही तीन वेगवेगळी कामं आहेत, असा विचार करायची गरजच पडली नाही.

कॉइल स्प्रिंग आली आणि ही कामं वेगळी झाली. कॉइल फक्त वजन पेलते. चाक जागेवर धरायला आर्म लागतात आणि उसळी शमवायचं काम सगळंच्या सगळं शॉकअपवर येतं. खडबडीत जमिनीवर तो सतत आत-बाहेर होत राहतो, आतलं तेल तापतं, त्यात हवा मिसळून फेस होतो आणि फेसाळलेलं तेल काही रोखू शकत नाही. यावर उपाय शोधला तो बूर्सिए द कारबोन या फ्रेंच अभियंत्यानं. एकाच नळीत तेल आणि दाबाखालचा वायू ठेवायचे आणि मध्ये तरंगता पिस्टन बसवून दोघांना वेगळं राखायचं. बिलस्टाइननं १९५७ साली असे शॉकअप मर्सिडीज-बेंझसाठी मोठ्या प्रमाणावर बनवायला सुरुवात केली. आज साइड-बाय-साइडच्या शॉकअपला बाजूला जी छोटी टाकी लटकलेली असते, तिच्यात बहुतेक वेळा हाच तरंगता पिस्टन आणि त्याच्यामागं नायट्रोजन असतो.

दुसरा धागा कॅलिफोर्नियातला आणि मेक्सिकोच्या बाहा वाळवंटातला. ब्रूस मायर्स यांनी १९६४ साली फोक्सवॅगन बीटलचे भाग वापरून फायबरग्लासची मायर्स मॅन्क्स बग्गी बनवली. १९६७ सालची पहिली मेक्सिकन १००० शर्यत व्हिक विल्सन आणि टेड मँगल्स यांनी अशाच मॅन्क्समध्ये जिंकली, २७ तास ३८ मिनिटांत. तिथून पुढची चाळीस वर्षं वाळवंटी शर्यतींनी एकाच प्रश्नाचा पाठपुरावा केला: चाकाला वर-खाली व्हायला आणखी किती जागा देता येईल? या जागेला ट्रॅव्हल म्हणतात. आजच्या साइड-बाय-साइडचं मागचं लांब ट्रेलिंग आर्म (चाकाला पुढून धरून ठेवणारी दांडी) पाहिलं की त्या वाळवंटी बग्ग्या आठवल्याशिवाय राहत नाहीत.

पण साइड-बाय-साइडचा जन्म शर्यतीतला नाही, कामातला आहे. कावासाकीनं १९८८ साली 'म्यूल' आणली ती शेतावर नि कारखान्याच्या आवारात सामान वाहायला. पोलारिसची 'रेंजर' १९९८ ची, तीही कामाचीच. वळण आलं ते यामाहाच्या २००४ च्या 'रायनो'बरोबर. ६६० सीसीचं इंजिन, चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, ट्रॅव्हल जेमतेम सात इंचांच्या आसपास. लोकांनी ती कामापेक्षा मौजेसाठी पळवायला सुरुवात केली. अरुंद, उंच गाडी वळणात आडवी व्हायला लागली. मार्च २००९ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगानं जाहीर केलं, की रायनोच्या पन्नासहून जास्त अपघातांची त्यांनी चौकशी केली असून त्यांत ४६ जणांचा जीव गेला आहे. त्याच वेळी यामाहानं मोफत दुरुस्ती जाहीर केली. मागच्या चाकांना स्पेसर लावून रुंदी वाढवायची आणि मागचा अँटी-स्वे बार काढून टाकायचा.

या दुरुस्तीपाशी मला थोडं थांबायचंय, कारण ती अर्धवट ऐकून आपल्याकडे भलतंच केलं जातं. स्वे बार डाव्या-उजव्या चाकांना जोडतो आणि गाडीचा कल कमी करतो. मागचा बार जास्त कडक असेल, तर वळणात मागच्या चाकांची पकड आधी सुटते, गाडीचं शेपूट बाहेर जातं आणि घसरता घसरता चाक कशात तरी अडकलं की गाडी पलटते. मागचा बार काढल्यावर पुढची चाकं आधी घसरू लागतात. गाडी वळायला आळशी होते, पण पलटायचा धोका घटतो. आता 'बार काढला की चाकं मोकळी होतात' एवढंच ऐकून कुणी पुढचा बार काढला आणि मागचा ठेवला, तर त्यानं रायनोच्या दुरुस्तीच्या नेमकं उलट केलेलं असतं. वर लिफ्ट किट बसवून गाडी आणखी उंच केली असेल तर बोलायलाच नको. मी अशी गाडी मावळात एका उतारावर पाहिली आहे. चालवणारा वाचला तो फक्त पट्टा लावलेला होता म्हणून.

२००८ च्या मॉडेलची पोलारिस आरझेडआर अवघी ५० इंच रुंद होती, अमेरिकेतल्या जंगलवाटांवरच्या मर्यादेत बसावी म्हणून. मग रुंदी आणि ट्रॅव्हल यांची चढाओढ लागली. २०११ च्या आरझेडआर एक्सपी ९०० ला मागं १४ इंच ट्रॅव्हल होता, २०१४ च्या एक्सपी १००० ला पुढं १६ आणि मागं १८. कॅन-अ‍ॅमच्या २०१७ च्या मॅव्हरिक एक्स३ ची रुंद आवृत्ती ७२ इंचांवर गेली आणि ट्रॅव्हल २४ इंचांपर्यंत. रायनोच्या सात इंचांपासून इथवर यायला पंधरा वर्षंही लागली नाहीत.

आणि या चढाओढीतच आपली रिंगेची गोष्ट दडलेली आहे. एवढा लांब ट्रॅव्हल एकाच स्प्रिंगनं नीट भागत नाही. मऊ घेतली तर उडीनंतर गाडी तळाला आपटते, कडक घेतली तर साध्या खडीवर हाडं खिळखिळी होतात. म्हणून एकावर एक दोन स्प्रिंगा आल्या: वर छोटी मऊ, खाली लांब कडक. समजा वरची १०० पौंड प्रति इंच आहे, म्हणजे ती एक इंच दाबायला १०० पौंड लागतात, आणि खालची २००. दोन्ही मिळून एका ओळीत दबतात तेव्हा त्यांची ताकद बेरीज होऊन ३०० होत नाही, उलट घटून ६७ च्या आसपास येते. वरची पूर्ण दबून तिचे वेढे एकमेकांना टेकले, की खालची एकटी उरते आणि ताकद एकदम २०० वर जाते. म्हणजे तिप्पट. कारखान्यातून निघताना हा बदल कुठं व्हावा हे ठरलेलं असतं, पण ते मोकळ्या गाडीच्या वजनावर.

आता आपली गाडी बघा. छत, पुढची काच, विंच, जादा चाक, पाण्याचा कॅन, मागं दोन धडधाकट माणसं. एवढ्या वजनानं वरची स्प्रिंग उभ्या गाडीतच चिकटून बसते. मालक म्हणतो गाडी बसली. मेकॅनिक रिंग आवळतो, उंची परत येते, सगळे खूश. पण वरची स्प्रिंग वजनानं चिकटली होती. वजन तेवढंच आहे, म्हणजे ती अजूनही चिकटलेलीच आहे. रिंग आवळून उंची वाढली, ताकद काडीचीही वाढली नाही. शिवाय चाकाला खड्ड्यात खाली उतरायला जी जागा हवी होती, ती उंचीनं खाल्ली. मग चाक खाली जाताना शॉकअप पूर्ण उघडून 'ठक्‌' असा आवाज येतो. त्या आवाजावरून कुणी बॉल जॉइंट बदलतो, कुणी बुश बदलतो, आवाज जसाच्या तसा. पाट्याच्या जगात शिकलेला हात इथं फसतो तो असा.

म्हणून माझा आग्रह असतो, की पाना हातात घ्यायच्या आधी टेप घ्या. गाडीत नेहमीचं सामान आणि माणसं बसवा, पाच-पन्नास फूट पुढे नेऊन थांबवा आणि जमिनीपासून चेसिसपर्यंतची उंची मोजा. मग चाक पूर्ण लटकून जमिनीवरून जेमतेम सुटेल एवढीच गाडी जॅकनं उचला आणि पुन्हा मोजा. एकूण ट्रॅव्हलपैकी साधारण पाव ते एक तृतीयांश भाग वजनानं दबलेला असावा. त्याच वेळी वरच्या स्प्रिंगकडे बघा, वेढ्यांमध्ये फट दिसते की नाही. फट नसेल तर रिंगेला हात लावू नका. स्प्रिंगच बदलायला हवी.

पुण्यात हे काम अवघड नाही, आणि याचं श्रेय मी इथल्या वाहन उद्योगाच्या भवतालाला देतो. वेताळ टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही वाहनांची चाचणी-संशोधन संस्था आहे, चाकणला गॅब्रिएलचे शॉकअप बनतात, भोसरीच्या एमआयडीसीत मापानुसार स्प्रिंग वळून मिळते. २००७ साली सुरू झालेल्या बाहा एसएई इंडिया या विद्यार्थ्यांच्या बग्गी स्पर्धेसाठी पुण्यातले इंजिनिअरिंगचे विद्यार्थी दरवर्षी स्वतःच्या बग्ग्या बांधतात. शॉकअप एक इंच दबतो तेव्हा चाक किती इंच उचललं जातं, हे गणित त्या पोरांना तोंडपाठ असतं. ट्रेलिंग आर्मवर शॉकअप मध्यावर बसवला असेल आणि चाक शॉकअपच्या दुप्पट हलत असेल, तर चाकापाशी स्प्रिंगची ताकद निम्मी नाही, पाव उरते.

स्प्रिंग वळून घेताना दोन ठिकाणी घोटाळा होतो. एक, मापाचा. परदेशी स्प्रिंगवर पौंड प्रति इंच लिहिलेलं असतं, आपल्याकडे न्यूटन प्रति मिलिमीटर. १०० पौंड प्रति इंच म्हणजे साधारण १७.५ न्यूटन प्रति मिलिमीटर. दुसरा, तारेचा. "१२ ची तार आहे, १३ ची टाकू, थोडी कडक होईल," असं म्हणतात. ताकद तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढते. बाकी सगळं तेच ठेवून एका मिलिमीटरनं ती ३८ टक्क्यांच्या आसपास चढते. ते थोडं नव्हे.

आणि स्प्रिंग कडक केली की शॉकअपचा रिबाउंडही, म्हणजे दबलेला शॉकअप परत उघडताना होणारा अटकावही, बघावा लागतो, कारण इथं पाट्यांचं घर्षण मदतीला नाही. उंचवट्यावरून गेल्यावर मागचा भाग लाथ मारल्यासारखा उसळत असेल, तर रिबाउंड कमी पडतोय. ताम्हिणीकडच्या दगडी वाटेवर एकामागून एक दणके बसताना गाडी हळूहळू खाली बसत जात असेल आणि थांबल्यावर वर येत असेल, तर रिबाउंड जास्त झालाय. दोन दणक्यांमध्ये चाकाला परत खाली यायला वेळच मिळत नाही. हे दुसरं लक्षण नेहमी 'स्प्रिंग मेली' म्हणून वाचलं जातं.

पावसाळ्याचा हिशेब वेगळा. लाल चिखल शॉकअपच्या दांड्यावर वाळला की त्यातली कचकच ऑइल सील खाते. दांड्यावर तेलाचा पुसट थर चालतो, ओघळ आला तर सील गेलं. सील बदलायला टाकीतला नायट्रोजन आधी सोडावा लागतो आणि नंतर पुन्हा भरावा लागतो. हा दाब अनेक शॉकअपांत २०० पीएसआयच्या आसपास असतो. टायरवाल्याकडच्या ३०-३५ पीएसआयच्या नायट्रोजनशी त्याचा संबंध नाही. दाब न सोडता शॉकअप उघडणं किंवा त्याच्या जवळ वेल्डिंग करणं जिवावर बेतू शकतं. इथं मी कुणाचंच ऐकून घेत नाही.

महिंद्रानं २०१८ साली अमेरिकेत 'रॉक्सर' आणली. तिथल्या बाजारात ती साइड-बाय-साइड म्हणूनच विकली गेली, आणि तिला पुढं-मागं पाटे होते. त्या गाडीला पाटा वाढवून खरंच भागतं. त्याच वर्षीच्या आरझेडआर एक्सपी टर्बोमध्ये पोलारिसनं 'डायनॅमिक्स' ही यंत्रणा दिली. गाडी हवेत आहे, वळतेय की ब्रेक लागलाय हे ओळखून ती शॉकअपची कडकाई स्वतः बदलते. आता अशा गाडीचे मालकही विचारतात, की संगणक आहे तर स्प्रिंग कशाला बघायची? संगणक तेलाचा मार्ग अरुंद-रुंद करतो. वजन स्प्रिंगच पेलते, आणि चिकटलेली स्प्रिंग त्यालाही सोडवता येत नाही.