वेळ जातो तो रांगेत

नागपूर ते मुंबई फायबरची लांबी हजार किलोमीटर धरली, तरी प्रकाशाला ती कापायला जेमतेम ५ मिलिसेकंद लागतात. बोलणाऱ्यापासून ऐकणाऱ्यापर्यंत १५० मिलिसेकंदांचा उशीर संभाषणाला सहसा खुपत नाही, असे आयटीयू या जागतिक दूरसंचार संघटनेची जी.११४ शिफारस मानते. तरीही नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या कारखान्यातून संध्याकाळी हिशेबाच्या फाइली मुंबईच्या मुख्य कार्यालयाला जाऊ लागल्या की त्याच इंटरनेट लाइनवरून चाललेल्या फोन कॉलचा आवाज तुटतो. कारण आवाजाचे पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा गठ्ठा, वाटेत कुठेतरी रांगेत उभे असते.

डिजिटल टेलिफोनमध्ये ही रांग नव्हती. १९७२च्या जी.७११ मानकाप्रमाणे कॉल लागला की सेकंदाला ६४ किलोबिटची वाट त्या दोघांचीच, मग ते बोलोत की गप्प बसोत. इंटरनेटने सगळ्यांना एकाच वाटेवर आणले. १९८१च्या आयपी या इंटरनेटच्या मूळ नियमावलीत पॅकेटचे प्राधान्य सांगणारा एक बाइट होता, पण त्याची दखल फारसे कोणी घेतली नाही.

१९९६मध्ये जी.७२९ या आवाज दाबून बसवणाऱ्या मानकाने आवाज ८ किलोबिटांत बसवला. दर २० मिलिसेकंदांना २० बाइट आवाज आणि त्यावर ४० बाइटांचे हेडर (पत्त्यासारखी माहिती), म्हणजे प्रत्यक्षात २४ किलोबिट. ६४ किलोबिटच्या लीज्ड (भाड्याने घेतलेल्या खास) लाइनवर असे दोन कॉल मावायला हवेत. पण त्याच लाइनवर १५०० बाइटांचे एक पॅकेट १८७ मिलिसेकंद घेते. कोळशाची मालगाडी एकेरी मार्गावर शिरली की मागची एक्स्प्रेस खोळंबते, तसेच हे. म्हणून मोठ्या पॅकेटचे तुकडे करून मधल्या फटींत आवाज सोडत. २ मेगाबिटवर तेच पॅकेट ६ मिलिसेकंदांत जाते, तिथे हा खटाटोप नको.

वाटेतल्या प्रत्येक राउटरकडे (पॅकेट पुढे पाठवणाऱ्या यंत्राकडे) कॉलसाठी जागा राखून मागणारे आरएसव्हीपी हे तंत्र १९९७मध्ये आले. मोठ्या जाळ्यांना हजारो कॉलची नोंद ठेवणे झेपेना. डिसेंबर १९९८मध्ये डिफसर्व्ह ही साधी पद्धत आली: पॅकेटवर फक्त वर्गाची खूण. पुढच्या वर्षी तातडीच्या वर्गासाठी ४६ हा आकडा सुचवला गेला आणि आवाजासाठी तोच रूढ झाला.

खरी मेख इथे आहे. खूण उपयोगी पडते ती रांग जिथे लागते तिथेच. राउटर मोडेमला १०० मेगाबिटने जोडलेला आणि घेतलेली लाइन १० मेगाबिटची असेल, तर रांग मोडेमात लागते आणि तो बहुधा खूण पाहत नाही. म्हणून राउटरचा वेग ९.५ मेगाबिटवर बांधायचा. रांग आपल्या ताब्यात येते. या बांधणीमागची गळक्या बादलीची (पाणी कसेही ओता, गळते ते ठरावीक वेगानेच) कल्पना संगणकशास्त्रज्ञ जोनाथन टर्नर यांनी १९८६मध्येच मांडली होती. २०१०च्या सुमारास प्रोग्रामर जिम गेटिस यांनी अतिमोठ्या बफरांचा (रांगेतली पॅकेटे साठवणाऱ्या जागांचा) त्रास उघड केल्यावर तिचे महत्त्व घराघरांतल्या राउटरांपर्यंत पोचले. येणाऱ्या वाहतुकीसाठी मात्र हीच बांधणी मुंबईच्या टोकालाही लागते.

आवाजाच्या वर्गालाही मर्यादा हवी, नाहीतर बाकीचे काम उपाशी राहते. आणि ती मर्यादा दहा कॉलची असेल, तर अकरावा कॉल लागूच देऊ नये. लागला तर अकराही तुटतात.