गेम संपवल्यावर काय बोललं जातं

"परवा रात्री संपवला. पन्नासेक तास लागले. मधे जरा रेंगाळतो, पण शेवट डोक्यातून जात नाहीये." ऐकणारा घाईघाईने थांबवतो, "पुढचं नको सांगूस, घेऊ की नको तेवढं सांग." व्हिडिओ गेम खेळणारी दोन माणसं भेटली की हे बोलणं निघतंच. ते इतकं अंगवळणी पडलंय, की एकेकाळी बहुतेक व्हिडिओ गेम संपतच नसत हे कुणाच्या लक्षात येत नाही.

१९७८ साली तोमोहिरो निशिकादो यांनी ताइतो या जपानी कंपनीसाठी 'स्पेस इन्व्हेडर्स' बनवला. परग्रहावरून आलेली एक फौज मारली की दुसरी फौज हजर, आणि ती थोडी आणखी खालून चालून येणार. खेळणारा शेवटी मरणारच. यामागे धंद्याचं गणित होतं. यंत्रात नाणं टाकून खेळायचं असल्यामुळे एक जण जितक्या लवकर हरेल, तितक्या लवकर पुढचं नाणं पडायचं. अशा गेमबद्दल 'कसा वाटला' हा प्रश्न पडत नसे. 'किती केलेस?' एवढंच विचारलं जायचं. १९७९ च्या 'ॲस्टेरॉइड्स'मध्ये सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याला आपल्या नावाची तीन अक्षरं यंत्रावर कोरून ठेवता येत, आणि खेळणाऱ्याची ओळख त्या तीन अक्षरांत मावायची.

तोरू इवातानी यांच्या 'पॅक-मॅन'लाही (१९८०) शेवट नव्हता, पण एका चुकीमुळे तो आला. कितवी पातळी चालू आहे हे मोजणारा आकडा एका बाइटमध्ये ठेवलेला होता, आणि एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढेच आकडे बसतात. त्यामुळे २५६ व्या पातळीला हिशेब कोलमडतो आणि पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरांच्या नि चिन्हांच्या कचऱ्याने भरून जातो. पुढे खेळता येत नाही. तिथपर्यंत एकही जीव न गमावता, टिपके, फळं आणि निळी झालेली भुतं यांतलं काहीही न सोडता पोहोचलं तर ३३,३३,३६० गुण होतात, त्याहून जास्त होऊच शकत नाहीत. बनवणाऱ्याच्या मनात नसलेला हा शेवट गाठण्यासाठी लोकांनी वर्षानुवर्षं खर्ची घातली.

मुद्दाम लिहिलेला शेवट आधी आला तो नाण्यांच्या यंत्रांपासून लांब, विद्यापीठांच्या आणि संशोधन संस्थांच्या संगणकांवर. विल क्राउदर हा प्रोग्रामर हौशी गुहासंशोधक होता. अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या मॅमथ गुहेच्या नकाशांवर त्याने काम केलं होतं. घटस्फोटानंतर आपल्या मुलींना खेळता यावा म्हणून १९७५-७६ च्या सुमारास त्याने त्या गुहेवरच बेतलेला एक गेम लिहिला. चित्र एकही नाही, सगळा खेळ शब्दांचा. स्टॅनफर्डमधल्या डॉन वुड्सने १९७७ मध्ये तो वाढवला आणि पूर्ण गुण ठेवले ३५०. त्यातला शेवटचा १ गुण मिळवायला गुहेत सापडलेलं एक मासिक एका विशिष्ट जागी नेऊन टाकावं लागतं. असं का करायचं, याचा गेममध्ये धड सुगावा नाही. सगळे खजिने बाहेर काढून ३४९ वर अडकलेल्याला दुसऱ्या कुणाला विचारण्यावाचून गत्यंतर नव्हतं. 'संपवला का?' या प्रश्नाचं मूळ मला इथे दिसतं. त्या काळी तो प्रश्न म्हणजे मदतीची हाक होती.

ही हाक जपानमध्ये किती पुढे गेली ते 'द टॉवर ऑफ द्रुआगा'च्या गोष्टीत दिसतं, आणि या सगळ्या इतिहासातली माझी सर्वांत आवडती गोष्ट हीच आहे. नाम्को कंपनीच्या मासानोबू एन्दो यांनी १९८४ मध्ये हा गेम केला. ६० मजल्यांचा मनोरा, प्रत्येक मजल्यावर एक चक्रव्यूह, आणि जवळपास प्रत्येक मजल्यावर एक लपलेली पेटी. पेटी कशी प्रकट होईल हे कुठेच सांगितलेलं नाही. कुठे ठरावीक राक्षस ठरावीक क्रमाने मारायचे, कुठे काही न करता उभं राहायचं. विसाव्या मजल्यावरची एखादी वस्तू निसटली, तर कितीतरी मजले वर गेल्यावर कळतं की आता पुढचा रस्ता बंद आहे. तेही नाणी टाकून खेळताना! एकट्याच्या खिशाला आणि डोक्याला हे पेलणारं नव्हतं. म्हणून गेम सेंटरांमध्ये वह्या ठेवल्या जाऊ लागल्या. ज्याला जे सापडलं ते त्याने वहीत लिहायचं, पुढच्याने वाचायचं आणि आपली भर घालायची. न पाहिलेल्या, न भेटलेल्या माणसांच्या अक्षरातून मनोरा मजल्या-मजल्याने उलगडत गेला. आपल्याकडच्या वाचनालयात पुस्तकाच्या समासात आधीच्या वाचकाने पेन्सिलीने केलेली खूण दिसते, तसंच काहीसं. फरक इतकाच की इथे ती खूण नसती तर पुढचं पान उघडलंच नसतं.

घरात खेळायच्या यंत्रांनी दुसरी अडचण आणली. गेम आता एका बैठकीत संपेनात, आणि यंत्राला काही आठवत नसे. १९८६ च्या 'ड्रॅगन क्वेस्ट'ने त्यावर 'पुनरुज्जीवनाचा मंत्र' हा तोडगा काढला. खेळ थांबवताना २० जपानी अक्षरांची एक निरर्थक ओळ मिळायची, ती कागदावर उतरवून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी तशीच भरायची. दुसऱ्या भागात हा मंत्र ५२ अक्षरांपर्यंत गेला. उतरवताना एक अक्षर चुकलं की कित्येक दिवसांची मेहनत पाण्यात. १९८६ मध्येच आलेला 'द लेजेंड ऑफ झेल्डा' १९८७ मध्ये अमेरिकेत सोनेरी कार्ट्रिजमधून, म्हणजे गेमच्या कॅसेटमधून, गेला. त्या कार्ट्रिजमध्ये एक छोटी बॅटरी होती, यंत्र बंद केलं तरी ती खेळाची नोंद जपायची. एवढ्याशा बॅटरीमुळे घरच्या यंत्रावर तीसचाळीस तासांची कथा शक्य झाली. तितक्या तासांनंतर जे मनात साचतं, ते एका आकड्यात सांगता येणार नव्हतं.

अडणं मात्र चालूच होतं. अमेरिकेत 'झेल्डा' बनवणाऱ्या निन्टेंडो कंपनीने फोनवर मार्ग सांगणारे सल्लागार नेमले, १९८८ मध्ये 'निन्टेंडो पॉवर' मासिक काढलं. इन्फोकॉम कंपनी आपल्या शब्दगेमांसाठी अदृश्य शाईत छापलेल्या पुस्तिका विकायची. अडलेल्या जागेपुरतंच उत्तर खास पेन फिरवून उघड करायचं, बाकीचं झाकलेलंच. 'हवं तेवढंच सांग, जास्त नको' ही मर्यादा लोकांनी तेव्हाच पाळायला घेतली होती.

महाराष्ट्रातल्या मुलांपर्यंत हे सगळं नव्वदच्या दशकात पोहोचलं ते निन्टेंडोच्या जपानी यंत्राच्या नकलांमधून. लिटिल मास्टर, समुराई, टर्मिनेटर ही त्यांची नावं. पिवळ्या-काळ्या कॅसेटवर हजारो गेम असल्याचं छापलेलं, आत खरे गेम मोजकेच. नोंद जपायची सोय असलेले लांबलचक गेम आमच्यापर्यंत आलेच नाहीत. आले ते एका बैठकीत संपवायचे मारिओ आणि काँट्रा. मे महिन्याच्या सुट्टीत एकाच्या घरी सात-आठ जण, दोन रिमोट, आणि मेला की चान्स दुसऱ्याला. मारिओच्या आठव्या दुनियेतला शेवटचा किल्ला म्हणजे पाइपांचा भूलभुलैया, चुकीच्या पाइपात शिरलं की पुन्हा मागे. कुठला पाइप बरोबर हे वाड्यातल्या एखाद्याच दादाला ठाऊक असायचं आणि तोही सहजासहजी सांगायचा नाही. काँट्राचे तीस जीव देणारी बटणांची जुळणी तर पाढ्यासारखी पाठ होती. ती जुळणी मुळात काझुहिसा हाशिमोतो या कोनामी कंपनीतल्या प्रोग्रामरने 'ग्रॅडियस' हा गेम तपासताना आपली सोय म्हणून घातली होती, हे फार पुढे वाचलं तेव्हा त्या माणसाबद्दल मला फार माया वाटली.

आमच्याकडे गेम संपवायला साक्षीदार लागायचा. एकट्याने दुपारी मारिओच्या शेवटच्या किल्ल्यातली राणी सोडवली म्हणून सांगितलं तर कुणी मानत नसे. पाहिलेला कोणीतरी हवा. एकदा आठव्या किल्ल्यात पोहोचलो आणि वीज गेली. संध्याकाळी खाली उतरून मी कुठवर गेलो होतो ते सांगितलं, तर पहिला प्रश्न आला, "कोण होतं बरोबर?" बरोबर धाकटी बहीण होती. तिची साक्ष धरली गेली नाही. त्या मे महिन्याचं ते दुःख अजून लख्ख आठवतं.

१९९५ मध्ये जेफ व्हीझीने 'गेमएफएक्यूज' हे संकेतस्थळ सुरू केलं आणि काही वर्षांतच जवळपास प्रत्येक गेमची वाट पहिल्या पायरीपासून शेवटपर्यंत कुणी ना कुणी फुकट लिहून ठेवू लागलं. साध्या अक्षरांनी काढलेले नकाशे, शेकडो पानांची वर्णनं, सगळं हौसेपोटी. इथे या बोलण्याचा रोख बदलला असं मला वाटतं. वाट कळल्यावर वाटेबद्दल विचारायचं काय? मग उरला तो दुसरा प्रश्न: तुला काय वाटलं? १९९७ च्या 'फायनल फँटसी ७'ने हा बदल पक्का केला. त्यात खेळणाऱ्याच्या सोबतची एक मुख्य व्यक्तिरेखा अर्ध्या वाटेत मारली जाते, आणि कुठल्याही युक्तीने तिला परत आणता येत नाही. ती वाचवण्याच्या अफवा किती वर्षं फिरत राहिल्या! असा धक्का ज्याने खाल्लाय त्याला त्याबद्दल बोलल्यावाचून राहवत नाही, आणि ज्याने खाल्लेला नाही त्याच्यापासून तो जपावाही लागतो. शेवट न फोडता अनुभव कसा सांगायचा, हे तेव्हापासूनचं कौशल्य आहे.

पुढे आकडेही परतले, पण वेगळ्या कामाला. २००५ मध्ये एक्सबॉक्स ३६० या यंत्राबरोबर 'अचीव्हमेंट्स' आल्या, म्हणजे गेममध्ये काय काय साधलं याची यंत्रानेच ठेवलेली नोंद; २००८ मध्ये प्लेस्टेशनवर तशाच 'ट्रॉफी'. वाड्यातला साक्षीदार आता यंत्रातच बसला. कथा किती टक्के लोकांनी पूर्ण केली हेही दिसू लागलं, आणि बऱ्याच नावाजलेल्या गेमांत तो आकडा निम्म्याच्या खाली निघाला. २०११ मध्ये 'हाउ लाँग टू बीट' हे संकेतस्थळ आलं. तिथे लोक गेम संपवायला लागलेले तास नोंदवतात: नुसती कथा केली तर इतके, सगळं धुंडाळलं तर इतके. लहानपणी खेळणारी पिढी नोकरी-संसाराला लागली होती, आणि घ्यावा की नको हे ठरवताना पैशांइतकाच वेळेचा हिशेब येऊ लागला होता.

संपवणाऱ्यांचं बोलणं केवढं वजनदार झालं होतं ते मार्च २०१२ मध्ये दिसलं. 'मास इफेक्ट ३' हा तीन भागांच्या कथेचा शेवट. तिन्ही भागांत खेळणाऱ्याने केलेल्या निवडी शेवटी जवळपास एकसारख्या दृश्यांत येऊन मिळतात, फरक मुख्यतः लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाचा. नाराज चाहत्यांनी वर्गणी काढून बायोवेअर कंपनीला तीन रंगांचे सुमारे ४०० कपकेक पाठवले, चव सगळ्यांची एकच. जूनमध्ये कंपनीने वाढवलेला शेवट विनामूल्य दिला. कथा लिहिणाऱ्याने वाचकाच्या दबावाखाली शेवटाला हात लावावा का, यावर तेव्हा खूप भांडण झालं. माझं मत 'लावू नये' असं होतं, आजही आहे. पण ज्याने शंभरेक तास त्या जगात काढलेत त्याचं दुखणं खोटं नव्हतं.

आपल्याकडे २०१८ नंतर 'गेम' म्हणजे पब्जी असं समीकरण झालं. त्याला शेवट नाही, सामना संपतो आणि पुन्हा विमानातून उडी. खेळ जणू स्पेस इन्व्हेडर्सच्या दिवसांत परत गेला, बोलणंही 'किती मारलेस' यावर आलं. त्याच काळात पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने मात्र शेवट असलेली गोष्ट सांगायचा घाट घातला. २०१७ मध्ये लोकांकडून वर्गणीने पैसे उभे करण्याची त्यांची खटपट फसली, तरी २०२० मध्ये 'राजी: ॲन एन्शंट एपिक' आला. हरवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधत निघालेली मुलगी, राजस्थानी धाटणीचे महाल, दुर्गा आणि विष्णू. पाच-सहा तासांत तो संपतो. शेवट फार अचानक येतो, अशी कुरकुर बऱ्याच जणांनी केली आणि ती रास्त आहे. तरी घरच्या देवादिकांच्या गोष्टीवर बेतलेला गेम संपवून त्याबद्दल मराठीत बोलायला मिळणं, हे मला नवं होतं.

'आउटर वाइल्ड्स' (२०१९) संपवलेली माणसं तर काहीच सांगत नाहीत. त्या गेममध्ये दर २२ मिनिटांनी सूर्याचा स्फोट होतो आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. हत्यार वाढत नाही, ताकद वाढत नाही, वाढतं ते खेळणाऱ्याचं ज्ञान. एकदा उलगडलेलं पुन्हा उलगडता येत नाही. म्हणून संपवलेला माणूस एवढंच म्हणतो, "काही वाचू नकोस, खेळ. झाल्यावर मला फोन कर."

ज्यांना 'निअर: ऑटोमाटा' (२०१७) अजून खेळायचा असेल, त्यांनी इथेच थांबावं. योको तारो यांच्या या गेमच्या अखेरच्या शेवटात श्रेयनामावलीतली नावंच खेळणाऱ्यावर गोळ्या झाडू लागतात. एकट्याने ते पार करणं जवळपास अशक्य. पुन्हा पुन्हा मरत राहिलं की आधी गेम संपवलेल्या, जगभरातल्या अनोळखी लोकांनी लिहून ठेवलेले धीराचे संदेश पडद्यावर येतात. मग कुणीतरी मदत देऊ करतं. ती घेतली की त्यांची विमानं भोवती गोळा होऊन गोळ्या झेलतात, आणि एकेक विमान पडताना कुणाच्या तरी खेळाची नोंद पुसली गेल्याचं कळतं. शेवटी आपल्याला विचारलं जातं: दुसऱ्या एखाद्या अनोळखी माणसाच्या मदतीसाठी तुझी आजवरची सगळी नोंद पुसू का? हो म्हटलं की आपण मिळवलेलं एकेक पान समोर येऊन रिकामं होत जातं. ज्याला मदत पोहोचेल त्याला आपण निवडत नाही. आपण लिहिलेली ओळ मात्र त्याच्या पडद्यावर उमटते.