‘पहिले सहा महिने मधुचंद्र’ हा समज कुठून आला?

जोडीदाराच्या देशात राहायला गेलेल्यांना एक वेळापत्रक हमखास ऐकवलं जातं: सुरुवातीला नवलाई, मग घसरण, दीड वर्षात गाडी रुळावर. जणू गोवर-कांजिण्याच!

याचं मूळ 1955 सालचं. नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेरे लिसगार्ड यांनी अमेरिकेत राहून आलेल्या सुमारे 200 नॉर्वेजियन फुलब्राइट शिष्यवृत्तीधारकांच्या मुलाखती घेतल्या. सहा ते अठरा महिने राहिलेले सर्वांत कमी रुळलेले दिसले. पण ही वेगवेगळी माणसं होती. एकाच माणसाचा प्रवास कुणी मोजला नव्हता. शिवाय त्यांचं परतीचं तिकीट ठरलेलं होतं. लग्न करून गेलेल्याचं तसं नसतं.

पुढे 1998 मध्ये मानसशास्त्रज्ञ कॉलीन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडमधल्या जपानी विद्यार्थ्यांना वर्षभर पुन्हापुन्हा तपासलं. सर्वाधिक त्रास आढळला तो अगदी सुरुवातीला.

मला तरी हे पटतं. जेवणाच्या टेबलावर सगळे खळखळून हसतात, हसू ओसरल्यावर जोडीदार तो विनोद एका ओळीत भाषांतर करून सांगतो. डॉक्टर तुमच्या पोटदुखीबद्दल विचारतात, बघतात मात्र त्याच्याकडे. यात नवलाई कसली? त्यात जोडीदार स्वतःच्या घरी असतो, म्हणून त्याला हे चटकन जाणवतही नाही. तेव्हा तिसऱ्याच आठवड्यात रडू आलं तर तुमचं काही चुकलेलं नाही. आणि दोन वर्षांनी बँकेचा फोन स्वतः घेताना घसा कोरडा पडला, तरीही नाही.