दंगल कोणी केली? उत्तर निघालं पंचकार्डांतून

जुलै १९६७. अमेरिकेत डेट्रॉइटला पोलिसांनी १२व्या स्ट्रीटवरच्या एका बेकायदा दारूच्या अड्ड्यावर धाड टाकली आणि तिथून जी दंगल पेटली त्यात ४३ माणसं गेली. मग सुरू झाले अंदाज. कोणी म्हणे, हे सगळं शिक्षण सोडलेल्या रिकामटेकड्या पोरांचं काम, कोणी म्हणे दक्षिणेतून आलेले कृष्णवर्णीय लोक शहरात रुळलेच नाहीत म्हणून हे झालं. ऐकायला दोन्ही पटतं, पण मोजून कोणीच बघितलं नव्हतं.

फिलिप मेयर हा पत्रकार नुकताच हार्वर्डमध्ये एक वर्ष समाजशास्त्राच्या पद्धती आणि कॉम्प्युटर शिकून आलेला. त्याने डेट्रॉइट फ्री प्रेस या तिथल्या वर्तमानपत्रासाठी मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांना बरोबर घेऊन दंगलग्रस्त भागातल्या ४३७ कृष्णवर्णीय रहिवाशांच्या मुलाखती घेतल्या. मुद्दा हा की माणसं रँडम निवडलेली होती, म्हणजे जो समोर भेटला त्याला विचारलं असं नाही, आणि प्रश्न सगळ्यांना तेच: शिक्षण किती, लहानपण कुठे गेलं, दंगलीत तुम्ही होतात का. प्रत्येकाची उत्तरं पंचकार्डावर भोकं पाडून नोंदवली आणि आयबीएमच्या मेनफ्रेमला, म्हणजे त्या काळच्या मोठ्या कॉम्प्युटरला दिली. मशीनने काय केलं तर कार्डं मोजून तक्ते काढून दिले, एकीकडे शिक्षण, दुसरीकडे दंगलीतला सहभाग, बस्स. आज एक्सेलमध्ये पिव्होट टेबल करतो ना, तेच.

आणि दोन्ही अंदाज कोसळले! कॉलेजला गेलेले लोकही शाळा सोडलेल्यांइतकेच दंगलीत होते, आणि दक्षिणेत वाढलेल्यांपेक्षा उत्तरेत वाढलेल्यांचं प्रमाण जवळपास तिप्पट निघालं. दंगलीनंतर महिनाभरात हे छापूनही आलं. दंगलीच्या एकूण वार्तांकनासाठी पेपरला पत्रकारितेतलं मानाचं पारितोषिक, १९६८चं पुलित्झर मिळालं.

मला यात सगळ्यात भारी वाटतं ते हे की मेयरने मशीनला "कारण सांग" असं विचारलंच नाही, लोक छातीठोकपणे जे बोलत होते ते आकड्यांशी जुळतं का एवढंच तपासलं. नंतर १९७३ला त्याने या पद्धतीवर 'प्रिसिजन जर्नालिझम' हे पुस्तक लिहिलं, आणि १९८८मध्ये अटलांटाच्या बिल डेडमन या पत्रकाराने सरकारकडे जमा झालेला गृहकर्जांचा डेटा असाच तपासला, तर उत्पन्न सारखं असूनही गोऱ्या वस्त्यांना कृष्णवर्णीय वस्त्यांच्या पाचपट कर्जं मिळत होती. ते छापून आल्यावर थोड्याच दिवसांत तिथल्या बँकांनी त्या वस्त्यांसाठी कोट्यवधी डॉलर्सची कर्जं जाहीर केली.