तीस सेकंदांचा थांबा

सकाळी आठच्या सुमारास डोंबिवलीच्या फलाटावर सीएसएमटीकडे जाणारी जलद लोकल लागते, तेव्हा ती पुरती थांबण्याआधीच दारात झटापट सुरू झालेली असते. उतरणारे मोजके, चढणारे अगणित. आतल्यांना वाटते की आता मुंगी शिरायलाही जागा उरलेली नाही, आणि तेवढ्यात फलाटावरचे आणखी चार-सहा जण दाराच्या दांड्याला हात घालून पाऊल टेकण्यापुरती जागा करून घेतात. मागच्या टोकाच्या डब्यातून गार्ड बेल देतो (त्यांचे अधिकृत पदनाम आता ट्रेन मॅनेजर असे आहे, पण प्रवाशांच्या तोंडी गार्डच बसले आहे) आणि मोटरमन गाडी हलवतो. एवढ्या सगळ्यासाठी वेळापत्रकात वीस ते तीस सेकंद धरलेले असतात.

लोकल उशिरा का धावतात, या प्रश्नाचे उत्तर आपण सहसा बिघाडात शोधतो. मला मात्र वाटते की कोणताही बिघाड नसलेल्या दिवशीही मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाचे भवितव्य या तीस सेकंदांत ठरत असते, आणि ते साध्या गणिताने पाहता येते.

गर्दीच्या वेळी एकाच रुळावर साधारण तीन मिनिटांच्या अंतराने, म्हणजे तासाला वीस गाड्या सोडता येतात. बारा डब्यांची लोकल सुमारे २६० मीटर लांब असते. तिचा शेवटचा डबा फलाट सोडून पुढचा सिग्नल ओलांडतो आणि त्यापुढे सुरक्षिततेसाठी राखलेले १२० मीटरही मोकळे होतात, तेव्हाच मागच्या गाडीला फलाटावर येण्याची वाट मिळते. गाडीचा वेग दर सेकंदाला अर्धा मीटर प्रतिसेकंद या दराने एकसारखा वाढत गेला असे धरले, तरी हे ३८० मीटर कापायला तिला सुमारे ४० सेकंद लागतात. दुसरीकडे, मागच्या मोटरमनला बऱ्याच अंतरावरूनच हिरवा सिग्नल दिसायला हवा, कारण दोन पिवळे आणि मग एक पिवळा दिवा दिसत गेला, तर लाल सिग्नलसमोर थांबण्याच्या तयारीने त्याला वेग उतरवावा लागतो. हे अंतर कापण्याचा, ब्रेक लावून फलाटावर येण्याचा आणि थांब्याचा वेळ मिळवला की १८० सेकंदांपैकी शिल्लक उरते ती अर्ध्या-पाऊण मिनिटाची. दिवसभरात मध्य रेल्वेवर लोकलच्या अठराशेच्या आसपास फेऱ्या होतात, आणि ऐन गर्दीच्या वेळी प्रत्येक फेरीच्या वाट्याला एवढीच उसंत येते.

आता डोंबिवलीला दारात कोणाची बॅग अडकली आणि गाडी वीस सेकंद जास्त थांबली, असे समजू. पुढच्या स्थानकावर ही गाडी १८० ऐवजी २०० सेकंदांच्या अंतराने पोहोचते. तोवर लोक फलाटावर येतच असतात, त्यामुळे तेथे नववा हिस्सा जास्त गर्दी जमलेली असते. जास्त माणसे चढायला जास्त वेळ लागतो, म्हणून तेथेही गाडी रेंगाळते आणि त्याच्या पुढच्या स्थानकावर आणखी जास्त गर्दी तिची वाट पाहत असते. उशीर स्वतःच स्वतःला खतपाणी घालतो. मागच्या गाडीची गत वेगळी असते: तिला पिवळे सिग्नल मिळत राहतात, ती हळू होते, कधी दोन स्थानकांच्या मध्येच उभी राहते, आणि उभ्या गाडीने पुन्हा वेग घेण्यात जाणारा वेळ मूळच्या वीस सेकंदांत मिळवला जातो. दादरला पोहोचेपर्यंत चार-पाच गाड्यांची रांग लागलेली असते, आणि तिच्यातल्या कोणत्याही प्रवाशाला डोंबिवलीत अडकलेल्या बॅगेची कल्पना नसते.

कल्याणचा प्रश्न निराळा आहे. कसारा आणि कर्जत या दोन्ही दिशांकडून येणाऱ्या लोकल तेथे एकत्र येतात आणि लांब पल्ल्याच्या गाड्याही त्याच जंक्शनातून जातात. एका गाडीला दुसरीचा रूळ सपाटीवरच ओलांडावा लागतो, तेव्हा तेवढा वेळ दुसऱ्या गाडीसाठी तो रूळ बंद असतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे ते दिवा पाचवी आणि सहावी मार्गिका सुरू झाल्यावर लांब पल्ल्याच्या गाड्यांना त्या टप्प्यात वेगळी वाट मिळाली, पण जंक्शनातली गुंतागुंत त्याने सुटत नाही.

बिघाडांचेही एक शास्त्र आहे. रुळावर गाडी आहे की नाही, हे सिग्नल यंत्रणेला कळते ते रुळांतून सोडलेल्या सौम्य विद्युतप्रवाहामुळे. गाडीची चाके आणि आस दोन्ही रुळांना जोडतात, प्रवाह तेथूनच परत फिरतो आणि मागचा सिग्नल लाल होतो. पावसाळ्यात कुर्ला–शीव परिसरात रूळ पाण्याखाली गेले की हेच काम पाणी करते, आणि समोर गाडी नसतानाही यंत्रणा लाल दिवा दाखवते. थंडीत पहाटे पोलाद आकसते. एकमेकांना जोडलेल्या लांब रुळाला प्रत्यक्ष आखडता येत नाही, म्हणून त्याच्यात ताण साठतो आणि एखाद्या कमजोर जागी तडा जातो. रूळ पुरता तुटला की प्रवाह खंडित होतो आणि पुन्हा लाल दिवा लागतो. आपल्याला ‘सिग्नलमध्ये बिघाड’ एवढेच ऐकू येते, पण शंका येताच गाडी थांबवण्यासाठीच या यंत्रणेची रचना केलेली आहे, आणि त्या क्षणी ती आपले काम चोख करत असते.

थांब्याचे सेकंद वाचवायचे कसे? बाराऐवजी पंधरा डब्यांची गाडी चालवली, तर वेळापत्रकात एकही फेरी न वाढवता पाव हिस्सा जास्त माणसे नेता येतात, मात्र त्यासाठी फलाट लांबवावे लागतात. दारांचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन गाड्या एकमेकींशेजारून जात असताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडून काहींचा जीव गेला. त्यानंतर नव्या साध्या लोकलनाही आपोआप बंद होणारी दारे बसवण्याचा निर्णय जाहीर झाला. हा निर्णय व्हायलाच हवा होता, पण दार मिटल्याशिवाय गाडी सुटणार नसेल, तर गर्दीच्या वेळी थांबा लांबेल. शिवाय थांबा किती लांबेल हे सर्व दारांच्या सरासरीवर नव्हे, तर सर्वांत गजबजलेल्या एका दारावर ठरते. ते दार बहुतेक वेळा पुलाचा जिना जेथे उतरतो, त्याच्यासमोरच्या डब्याचे असते, कारण घाईत असलेला माणूस जिना उतरून समोर येईल तो डबा पकडतो, आणि त्याच वेळी त्याच गाडीच्या टोकाच्या डब्यात दार सहज मिटेल इतकी जागा असते. नव्या गाड्यांच्या आराखड्यात डबे आतून एकमेकांना जोडण्याची तरतूद आहे. मधल्या डब्यातला माणूस आतूनच टोकाकडे सरकू शकला, तर जिन्यासमोरच्या त्या एका दारावरचा भार पुढच्या स्थानकापर्यंत तरी हलका होईल.