प्रश्नचिन्ह किक की ब्राझिलियन? गुडघ्याकडे बघा

ओहोटीला रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या किनाऱ्यावरची ओली वाळू फरशीसारखी घट्ट होते. आमची पोरं तिथेच लाथांचा सराव करतात. परवा एकाने कानाखाली लाथ खाल्ली आणि लगेच दोन तट पडले. एक म्हणे "क्वेश्चन मार्क होती", दुसरा म्हणे "नाय रे, ब्राझिलियन." ज्याने खाल्ली त्याला कोणी विचारलंच नाही. वाद सुरूच्या बनापर्यंत चालू होता.

पोरांचा दोष नाही. बऱ्याच क्लासांत ही दोन्ही नावं एकाच लाथेला लावतात, कारण शेवट सारखाच दिसतो: खाली येईल असं वाटलेला पाय डोक्यावर बसतो. आपल्या भाषेत दोन्ही म्हणजे हूल. कबड्डीत चढाईला गेलेला गडी बोनस रेषेकडे पाय टाकतो, कोपऱ्यावरचा घोट्यासाठी वाकतो आणि डोक्याला हात लागून बाद होतो, तसंच हे. फक्त हूल कशाची दिली, तिथे दोघी वेगळ्या होतात.

प्रश्नचिन्ह किकमध्ये गुडघा सरळ समोर उचलला जातो, अगदी पोटात मारायच्या सरळ किकसारखा. कराटेवाले या सरळ किकला मे-गेरी म्हणतात. समोरच्याचा हात पोट झाकायला खाली येतो. तेवढ्यात उभ्या पायाची टाच फिरते, कंबर वळते, वर आलेला गुडघा आडवा होतो आणि पाऊल बाहेरून वळसा घेऊन डोक्याकडे जातं. आधी सरळ वर, मग गोल, म्हणून ते नाव.

ब्राझिलियनमध्ये सरळ किक मुळात दाखवतच नाहीत. सुरुवात आडव्या किकची, म्हणजे मावाशी-गेरीची, रोख मांडीवर नाहीतर बरगडीवर. समोरचा नडगी उचलतो किंवा कोपर खाली घेतो. गुडघा मात्र तिथे न थांबता आणखी वर चढतो, कंबर पुरती पालथी होते, गुडघ्याचं तोंड जमिनीकडे वळतं आणि नडगी वरून तिरकी मानेवर उतरते. झाडावरचा आंबा आकडीने ओढताना आकडी आधी डहाळीच्या वर न्यावी लागते, मग खाली खेचायची. ही किक तशीच. जपानीत तिला ताते-गेरीही म्हणतात. ताते म्हणजे उभा. आडव्या वाटेने निघालेली लाथ उभी उतरते, हे त्या नावात नेमकं आलंय. मला विचाराल तर ब्राझिलियनपेक्षा हेच नाव जास्त कामाचं.

ब्राझीलचं नाव चिकटलं ते क्योकुशिन कराटेमुळे. मासुतात्सु ओयामांच्या या शैलीत स्पर्धेत तोंडावर बुक्की मारता येत नाही, लाथ मात्र चालते. त्यामुळे खेळाडू छातीला छाती भिडवून बरगड्यांवर बुक्क्या मारत राहतात आणि हात खालीच असतात. इतक्या जवळून बाजूने गोल फिरवायला जागा नसते; वरून उतरणारी नडगी मात्र खांद्यावरून आत शिरते. १९९९ साली फ्रान्सिस्को फिल्हो क्योकुशिनची जागतिक स्पर्धा जिंकणारा पहिला बिगर-जपानी ठरला, तो ब्राझीलचाच. त्याचाच देशबंधू ग्लाउबे फेइतोझा, चांगला उंच गडी, ही लाथ के-वन या किकबॉक्सिंग स्पर्धेच्या रिंगणात घेऊन गेला आणि २००५ मध्ये तिथल्या जागतिक ग्रां प्रीच्या अंतिम फेरीपर्यंत पोचला. तिथे हातात ग्लोव्ह्ज असतात, पण गालाशी धरलेला ग्लोव्ह बाजूने येणारी लाथ अडवतो; वरून येणारीला तो पुरत नाही.

वरून उतरते म्हणून काही जण हिला ॲक्स किक म्हणतात. तेही चूक. १९९६ चा के-वन विजेता अँडी हुग ज्यासाठी गाजला, त्या ॲक्स किकमध्ये पाय जवळजवळ सरळ वर जातो आणि टाच खाली आदळते. ब्राझिलियनमध्ये पाय गुडघ्यात दुमडून वर चढतो आणि शेवटी झटक्याने उलगडतो.

तायक्वांदोत यातली कुठली लागली याला महत्त्व नाही. धडावरच्या साध्या किकला २ गुण, डोक्यावरच्या किकला ३. दोनाची हूल देऊन तीन घ्यायचे, एवढाच हिशेब.

वाळूचा फायदा असा की उभ्या पायाची खूण मागे राहते. प्रश्नचिन्हाची खूण आधी सरळ पावलाची असते, मग तिच्याच टोकाला पंख्यासारखी फिरलेली. ब्राझिलियनची पहिल्यापासूनच आडवी, आणि टाच पार समोरच्याकडे गेलेली. ही टाच फिरलीच नाही तर वरची सगळी पीळ गुडघ्यावर येते, म्हणून सुक्या भुसभुशीत वाळूत हा सराव करायचा नाही. पाय रुततो, कंबर वळते आणि गुडघा मध्ये अडकतो.

नवशिक्यांना मी आधी प्रश्नचिन्ह देतो, कारण ब्राझिलियनला लागणारी कंबर सगळ्यांची नसते. माझी तर आता नाहीच. पण हूल चालायला आधी खरी लाथ बसलेली हवी. पोटात दोनदा सरळ किक खाल्लेला माणूसच तिसऱ्यांदा हात खाली आणतो. नुसता गुडघा उचलून दाखवणाऱ्याकडे कोण बघतंय?

तर वाद मिटवायचा असेल तेव्हा लाथ खाल्लेल्यालाच विचारा, "तुला कुठे लागेल असं वाटलं होतं?" "पोटात" म्हणाला तर प्रश्नचिन्ह. "मांडीवर" किंवा "बरगडीत" म्हणाला तर ब्राझिलियन. परवा आम्ही शेवटी विचारलं, तर गडी म्हणाला, "मी बोटीकडे बघत होतो."