दोषी ठरल्यानंतरची सुनावणी : इंदूरच्या खटल्यामागचा इतिहास

इंदूरच्या मराठी घरांत जून २०११ मधलं ते हत्याकांड अजून निघतं बोलण्यात. एकाच कुटुंबातल्या तीन पिढ्यांच्या तीन स्त्रिया. तिघा आरोपींना फाशी सुनावली गेली, उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने ती कायम केली. वकील मंडळी मात्र हा खटला आज वेगळ्याच कारणासाठी काढतात. २० मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य’ या निकालात फाशीऐवजी किमान २५ वर्षांची जन्मठेप दिली आणि शिक्षेच्या सुनावणीची रीतच बांधून दिली.

अशी वेगळी सुनावणी हवी, हे आपल्या कायद्याला उशिरा सुचलं. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ती नव्हतीच. उलट १९५५ च्या दुरुस्तीपर्यंत, फाशीच्या गुन्ह्यात फाशी का दिली नाही, याची कारणं न्यायाधीशाला लिहावी लागत! विधी आयोगाच्या ४८ व्या अहवालानंतर १९७३ च्या संहितेत कलम २३५(२) आलं: दोषी ठरवल्यावर शिक्षेबाबत आरोपीचं म्हणणं ऐका. फाशीसाठी ‘विशेष कारणं’ लिहिणं कलम ३५४(३) ने सक्तीचं केलं.

१९७६ च्या संता सिंग खटल्यात आरोपीचं ऐकलंच नव्हतं, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द करून प्रकरण सत्र न्यायालयाकडे परत पाठवलं. शिवाय ऐकणं म्हणजे नुसता युक्तिवाद नव्हे, आरोपीला पुरावाही मांडू द्यायचा, असं बजावलं. पुढच्याच वर्षी मानवत हत्याकांडाच्या अपिलात न्या. यशवंत चंद्रचूड यांनी त्याला मुरड घातली: ही चूक वरचं न्यायालयही भरून काढू शकतं, दरवेळी खटला मागे धाडायला नको. सोयीचं होतं खरं, पण माझ्या मते खालच्या कोर्टांना पळवाटही मिळाली. दोषी ठरवल्यावर शिक्षेसाठी पुढची तारीख द्यावी, असं १९८९ मध्ये अल्लाउद्दीन मियाँ निकालाने सांगूनही ‘दण्ड के प्रश्न पर सुना गया’ एवढ्या ओळीवर काम भागत राहिलं. गरिबी, पहिलाच गुन्हा, म्हातारे आईवडील. वकिलाने इतकं म्हटलं की झालं.

इंदूरच्या निकालाने भार सरकारवर टाकला. फाशीच्या गुन्ह्यात आरोपीची मानसिक तपासणी, बालपण, शिक्षण, कमाई, तुरुंगातली वागणूक हे सगळं सत्र न्यायालयापुढेच यायला हवं. त्यासाठी वेळ किती द्यायचा, त्याच दिवशी शिक्षा सुनावली तर चालेल का, यावर निकालांचं एकमत नव्हतं. सप्टेंबर २०२२ मध्ये हा प्रश्न पाच न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला गेला. १ जुलै २०२४ पासून कलम २३५(२) हे नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत २५८(२) झालं आहे.